गोड्या पाण्याचा दोर

कच्छच्या लखपत तालुक्यात खाडीकाठी पहाटेची भरती ओसरू लागली की मालधारी, म्हणजे येथला पशुपालक, आपल्या उंटांना हाक घालतो, आणि कळपातील एखादी जाणती सांडणी, जिला ही वाट तिच्या आईने दाखविलेली असते, गुडघाभर चिखल तुडवीत पाण्याशी येते, क्षणभर थांबून मान उंच करते, आणि रोजच्या पाणंदीत शिरावे तितक्या सहजपणे समुद्रात शिरते. तिच्यामागून बाकीचे उंट निघतात. पाणी आधी गुडघ्यांना, मग पोटाला लागते. पाय तळ सोडतात. आणि मग काठावर उभ्या असलेल्या माणसाला लांब मानांची एक रांग आणि त्या मानांमागे मदारींचे काळसर उंचवटे, एवढेच दिसत राहते. मालधारी लहानशा होडीतून बरोबर असतो, नाही तर एखाद्या उंटाच्या आधाराने स्वतःच पोहत असतो. पलीकडे, कधी अर्ध्या कोसावर, कधी त्याहूनही दूर, चेरियाचे हिरवे बेट असते. ज्याला आपण कोकणात तिवर म्हणतो तोच हा चेरिया, आणि वाळवंटाचे जहाज म्हणून ज्याची आपल्याला शाळेपासून ओळख, तो प्राणी त्याचा पाला खाण्यासाठी खारे पाणी ओलांडून निघालेला असतो.

‘काठ’ हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळविला, तेव्हा माझ्या मनात प्रथम आला तो हाच काठ. त्याला कारण केवळ पोहणारा उंट हे नव्हे. ज्या तालुक्याच्या किनाऱ्यावर आज हा उंट समुद्रात उतरतो, त्याच तालुक्याच्या माळरानात, किनाऱ्यापासून फार दूर नव्हे अशा जागी, सुमारे ४ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या देवमाशांची हाडे मातीतून वर येत असतात. आणि ते देवमासे आजच्यासारखे नव्हते, त्यांना चार पाय होते. जमिनीवरच्या जनावराने पाणी कसे आपलेसे केले याचा पुरावा पाहावयाचा तर जगाच्या पाठीवर याहून योग्य जागा फार थोड्या आहेत.

खाराई

भुजहून लखपत सुमारे १३५ किलोमीटरांवर आहे. नखत्राणा मागे पडले की शेते विरळ होतात, बाभळी आणि पिलूची झुडपे वाढतात, आणि हवेला मिठाचा वास येऊ लागतो. लखपतचा कोट अजून उभा आहे. जमादार फतेह महंमदाने १८०१ च्या सुमारास बांधविलेला हा कोट सिंधू नदीच्या एका शाखेवरील भरभराटीच्या बंदराचा होता. १८१९ च्या जूनमध्ये झालेल्या भूकंपाने उत्तरेस जमिनीचा एक लांबलचक बांध उचलला गेला, ज्याला लोकांनी अल्लाबंद असे नाव दिले, आणि त्या उलथापालथीत येथे येणारे नदीचे गोडे पाणी तुटले. पेठ ओस पडली, जकातीचे उत्पन्न बुडाले, माणसे निघून गेली. आज कोटावर उभे राहिले असता समोर दिसतो तो पाणी आणि चिखल यांच्या मधल्या अवस्थेत असलेला एक अफाट सपाट मुलूख. गोडे पाणी गेले की काठ कसा बदलतो हे या ओसाड बंदराइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसत असेल, आणि पुढे जे सांगावयाचे आहे त्याचा गाभाही गोडे पाणी हाच आहे.

समुद्रात उतरणारे हे उंट म्हणजे खाराई, फकिराणी जतांचे आणि रबाऱ्यांचे धन. फकिराणी जत हे मुसलमान पशुपालक. कोरी खाडीतील सावला पिराचे स्थान त्यांच्या श्रद्धेचे. रबारी हिंदू. परंपरेने पुष्कळ ठिकाणी उंटांची मालकी रबाऱ्यांची आणि चारणीचे काम जतांचे, अशी या दोन जमातींची एकमेकांत गुंतलेली व्यवस्था चालत आली. २०१५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर खाराई ही उंटांची स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. परंतु मालधाऱ्यांना ती वेगळी आहे हे सांगण्यासाठी कोणत्याही नोंदीची गरज नव्हती. कळपात मिसळलेला एखादा साधा कच्छी उंट ते लांबूनच ओळखतात. खाराईची चण हलकी, पाय लांब व सडपातळ, अंगावरचे केस मऊ आणि रंगाने बहुधा गडद. पायाची गादी लहान, त्यामुळे दलदलीतून पाऊल सुटते. हे केस विणकामास उपयोगी पडतात. दुधाला मात्र फार काळ गिऱ्हाईक नव्हते. २०१९ मध्ये अमूलने उंटिणीचे दूध बाटलीत भरून विकावयास काढले तेव्हापासून मालधाऱ्यांच्या हातात थोडा नियमित पैसा येऊ लागला.

जो वृद्ध जत मला खाडीपर्यंत घेऊन गेला, त्याला माझा वाटाड्या मोठ्या अदबीने चाचा म्हणत असे. चाचांनी सांगितलेली जीवनचर्या अशी. पावसाळा हा बेटांचा ऋतू. पाऊस पडला की बेटांवरच्या खोलगट जागी पाणी साठते, आणि ते पाणी टिकते तोपर्यंत उंट बेटावरच राहतात, चेरिया खातात, लाण्यासारखी खारी झुडपे खातात, आणि मालधारीही त्यांच्याबरोबर पीठ, मीठ, चहा आणि उंटिणीचे दूध यांवर दिवस काढतो. ते पाणी आटले की हिशेब बदलतो. मग बेटावर दोन-तीन दिवस चरावे, आणि तहान लागली की पुन्हा पोहत किनाऱ्यावर येऊन तलावावर पाणी प्यावे. भरती-ओहोटीच्या वेळा चाचांना पंचांगावाचून पाठ आहेत. चंद्राची तिथी कळली की पाणी केव्हा चढेल, केव्हा उतरेल, कोणत्या खाडीतून परतताना प्रवाह अंगावर येईल, हे सारे ते बोटांवर सांगतात. पिलू जन्माला आल्यानंतर थोड्याच महिन्यांत आईच्या बाजूने पोहू लागते. त्याला कोणी शिकवीत नाही, पण आईवाचून ते पाण्यात उतरतही नाही. म्हणून एखादा कळप काही वर्षे समुद्रापासून तुटला, तर पुढच्या पिढीला पोहणे येईलच अशी खात्री देता येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

हे म्हणणे मला फार महत्त्वाचे वाटते. खाराई उंटाच्या पोहण्यात शरीराचा वाटा आहे, तसाच सवयीचा आणि सहवासाचा आहे. हलकी चण, मऊ केस, मीठ सोसण्याची आणि मीठ मागण्याची उंटाची जन्मजात प्रकृती, हे सर्व उपयोगी पडते. तरी हा प्राणी पाण्यात का जातो याचे उत्तर त्याच्या हाडांत जितके सापडेल तितकेच ते त्याला नेणाऱ्या माणसात आणि पुढे चालणाऱ्या सांडणीत सापडेल. आणि तो कितीही लांब पोहला, तरी तिसऱ्या दिवशी त्याला गोड्या पाण्याकडे परतावेच लागते.

हरुडीचा माळ

किनारा सोडून आत वळले की हरुडी नावाचे लहानसे गाव लागते. गोधातड, बाबिया टेकडी, रातो नाला, ही आसपासची नावे जगातील प्राणीजीवाश्मतज्ज्ञांना परिचित आहेत, आणि त्याच गावातील पोरांना मात्र परदेशी माणसे येथे उन्हात पोटावर पडून काय शोधतात याचे कोडे असते. माळ प्रथम पाहणाऱ्याला निराश करतो. हिरवट करड्या मातीच्या ओघळी, त्यांत जिप्समच्या पातळ चकत्या चकाकताना, शिंपल्यांचे थरच्या थर, आणि वरच्या बाजूस फुलरा नावाचा पिवळसर पांढरा चुनखडक. पायाखाली चपट्या, गोल, नाण्यासारख्या खड्यांचा सडा असतो. ते खडे नव्हेत. न्युम्युलाइट नावाच्या एकपेशीय सागरी जीवांची ती कवचे आहेत, आणि ती एवढ्या संख्येने जेथे पडलेली असतात तेथे एकेकाळी उबदार, उथळ समुद्र होता यात शंका उरत नाही.

तो समुद्र टेथिस. भारतीय भूखंड दक्षिणेकडून सरकत आशियाला भिडत होता आणि मधला समुद्र आक्रसत चालला होता, त्या काळात कच्छचा हा भाग दलदलीचा, खाड्यांचा, गढूळ पाण्याचा काठ होता. जवळच्या पानंध्रोच्या खाणीतून जो लिग्नाइट कोळसा निघतो, तो त्याहून थोड्या आधीच्या दलदलींचाच अवशेष. त्याच खाणीत मिळालेल्या २७ मणक्यांवरून २०२४ मध्ये वासुकी इंडिकस या महाकाय सर्पाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याची लांबी सुमारे ११ ते १५ मीटर असावी असा अंदाज आहे. आजची कोरी खाडी आणि तो प्राचीन काठ यांच्यात कोट्यवधी वर्षांचे अंतर आहे, हे मान्य; परंतु सकाळी चेरियाच्या चिखलात उभे राहून दुपारी हरुडीच्या ओघळीत उतरले म्हणजे आपण एकाच प्रकारच्या भूमीवर दोनदा उभे राहिलो, असे वाटल्यावाचून राहत नाही.

या थरांचे भूवैज्ञानिक वर्णन भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाच्या वाइन यांनी १८७२ मध्येच केले होते. देवमासा मात्र त्यातून प्रकट होण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली. १९७२ मध्ये अशोक सहानी आणि व्ही. पी. मिश्र यांनी हरुडीच्या एका प्राचीन देवमाशाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९७५ मध्ये त्यात आणखी भर घातली. पुढे १९८६ मध्ये कुमार आणि सहानी यांनी हरुडीच्या त्या प्राण्याला रेमिंग्टनोसीटस हे नाव दिले. २००० साली सुनील बाजपेयी व हान्स थेविसेन यांनी आणखी एका लहान प्राण्याचे वर्णन केले आणि त्याला नाव दिले कच्छीसीटस. कच्छचे नाव अशा रीतीने देवमाशांच्या वंशावळीत कायमचे कोरले गेले.

हे प्राणी दिसावयास कसे होते? देवमासा म्हटले की डोळ्यांसमोर जे धूड येते त्याच्याशी त्यांचे काहीच साम्य नव्हते. कच्छीसीटस त्या कुळातील सर्वांत लहानांपैकी एक. अंग लांबोळे, पाय आखूड, शेपटीचे मणके भक्कम. आपल्या कोकणच्या खाड्यांत आणि गोव्यात चोडणच्या तिवरांत जे पाणमांजर आढळते, त्याच्यासारखाच शरीर आणि शेपटी वरखाली लहरत ठेवून तो पोहत असावा, असे त्या मणक्यांवरून संशोधक म्हणतात. रेमिंग्टनोसीटस त्याहून मोठा. त्याचा जबडा अतिशय लांब आणि अरुंद, डोळे बारीक, पण कानांची रचना मोठी आणि दोन कान एकमेकांपासून दूर. गढूळ पाण्यात दृष्टीचा उपयोग थोडा, श्रवणाचा अधिक. म्हणून हे असे. त्याचाच एक भाऊबंद अँड्र्यूसिफियस याचे डोळे कवटीच्या माथ्याकडे सरकलेले होते, मगरीप्रमाणे अंग पाण्याखाली ठेवून डोळे तेवढे वर काढता यावेत, इतके. आणि या सर्वांना मागचे पाय होते.

याच थरांत समुद्रगायींचीही हाडे मिळतात, आणि हे मला विलक्षण वाटते. समुद्रगाय हत्तीच्या गोतातील, वनस्पती खाणारी. तिचा देवमाशाशी काही नातेसंबंध नाही. दोन सर्वस्वी भिन्न कुळांनी जवळजवळ एकाच काळात या एकाच उथळ समुद्रात संसार मांडला. समुद्रगायींच्या कुळाचा शेवटचा आशियाई प्रतिनिधी डुगाँग आजही कच्छच्या आखातात क्वचित दिसतो. तामिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात त्याच्यासाठी ४४८ चौरस किलोमीटरांचे संरक्षित क्षेत्र जाहीर केले. कच्छच्या वाट्याला तसे काही अजून आलेले नाही.

घोट्याचे हाड

देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे, तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, हे जुनेच ज्ञान. मग तो जमिनीवरून आला असला पाहिजे, हेही ओघानेच आले. पण कोणापासून? डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात उत्तर अमेरिकेतील काळ्या अस्वलाचा दाखला दिला होता, जे तोंड उघडे ठेवून तासन्‌तास पोहताना पाण्यावरचे किडे टिपीत असे. असा प्राणी कालांतराने देवमाशासारखा होणे अशक्य नाही, असे त्याने सुचविले. त्यावर इतका उपहास झाला की पुढच्या आवृत्तीत त्याने तो मजकूर आखडता घेतला. मूळ प्राणी त्याने चुकीचा निवडला होता, पण दिशा अचूक होती, आणि ती सिद्ध होण्यास हाडे मिळण्यापुरताच अवकाश होता.

ती हाडे बहुतेक सर्व आपल्या उपखंडात मिळाली. पाकिस्तानातील काला चिट्टाच्या डोंगरांत पाकीसीटस मिळाला. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा, लांडग्याएवढा, चार पायांवर चालणारा. १९९४ मध्ये अँब्युलोसीटसचे वर्णन झाले, ज्याचे नावच ‘चालणारा देवमासा’ असे आहे. तरीही प्रश्न सुटला नव्हता. दातांवरून पाहिले तर देवमाशाचे पूर्वज एका लुप्त, मांसाहारी खुरी कुळात शोधावे लागत. रेणूंच्या अभ्यासावरून मात्र तो गाय, हरीण, पाणघोडा यांच्या समखुरी गोतात बसत होता. या वादाचा निकाल २००१ मध्ये लागला, आणि तो घोट्याच्या एका लहान हाडाने लावला. समखुरी प्राण्यांच्या घोट्यातील त्या हाडाला वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंना कप्पीसारखी खाच असते. गायीत ती आहे, शेळीत आहे, डुकरात आहे, आणि उंटातही आहे. ही दुहेरी कप्पी इतर कोणत्याही गणात आढळत नाही. पाकिस्तानात मिळालेल्या प्राचीन देवमाशांच्या सांगाड्यांत नेमके तेच हाड, तशाच दुहेरी कप्पीचे, मिळाले.

म्हणून खाराई उंटाला चिखलातून पाय उपसताना पाहिले म्हणजे माझी दृष्टी त्याच्या मागच्या घोट्यावर खिळते. उंट हा देवमाशाचा पूर्वज नव्हे. हरुडीचा समुद्र जिवंत होता तेव्हा उंटांचे पूर्वज उत्तर अमेरिकेत होते. पण दोघेही एकाच मोठ्या गणातले, आणि जे हाड वाहून एकाने समुद्र कायमचा स्वीकारला, तेच हाड घेऊन दुसरा आज त्याच काठावरून पोहत जातो आणि परत येतो. तो देवमासा होण्याच्या मार्गावर आहे असे मात्र कोणी समजू नये. कोट्यवधी वर्षांची घडण आणि मालधाऱ्यांच्या काही शतकांची पाळणूक, ही दोन सर्वथा वेगळी मापे आहेत.

समखुरी प्राण्याचे पाण्याशी पहिले नाते कसे जुळले असेल, याचा सर्वांत सुंदर पुरावा जम्मूच्या राजौरी जिल्ह्यातील कालाकोटचा. तेथील दगड ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकाने गोळा केले आणि त्यातील एका लहान, मांजराएवढ्या प्राण्याचे १९७१ मध्ये इंडोह्यूस असे नामकरण केले. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने जपून ठेवलेले ते दगड थेविसेन यांच्या हाती सोपविले. एक कवटी साफ करताना चुकून कानाचे हाड फुटले, आणि आतल्या कडेचा जो जाड पदर दिसला तो देवमाशांच्या कानावाचून अन्यत्र आढळत नाही. २००७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. इंडोह्यूस हा वयाने पाकीसीटसहून थोडा अलीकडचा, तेव्हा त्याला पूर्वज नव्हे तर चुलतभाऊ म्हणावे; पण मूळ पुरुष कसा असेल हे तो दाखवितो. त्याच्या हातापायांची हाडे आतून भरीव आणि जड होती, पाणघोड्यासारखी. म्हणजे हा प्राणी पोहत नव्हता, तळावरून चालत होता. भक्षक आला की पाण्यात शिरावे आणि जड हाडांच्या भारावर तळाशी दडून राहावे, ही त्याची रीत. आफ्रिकेतील पाण्याकाठचे एक लहानसे हरीण आजही असेच करते. आणि ते ज्या कुळातले, त्याच कुळातली पिसोरी आपल्या सह्याद्रीत वावरते. सशाएवढी, ठिपक्यांची, रात्री निघणारी पिसोरी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना इंडोह्यूसचे चित्र फार दूरचे वाटणार नाही.

हे नीट लक्षात घेण्याजोगे आहे. पाण्यात गेलेल्या या कुळाने आधी बुडावयास शिकून घेतले, तरंगणे त्यानंतरचे. खाराई उंट मात्र पहिल्या क्षणापासून तरंगतो, डोके उंच धरतो, पाय मारतो. पाण्याकडे जाण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत.

दोन दोर

पोहता येणे ही गोष्ट आपणांस मोठी वाटते, कारण ती डोळ्यांना दिसते. मला या साऱ्या प्रवासात जे उमगले ते असे की, पोहणे हा पाण्यात जाण्याचा सर्वांत सोपा भाग आहे. जमिनीच्या प्राण्याला किनाऱ्याशी बांधून ठेवणारे दोर वेगळेच असतात. त्यातला पहिला गोड्या पाण्याचा.

दात आणि हाडे तयार होत असताना त्यांत प्राणवायूचे जे अणू जातात, त्यांच्या हलक्या-जड प्रकारांचे प्रमाण प्राणी कोणते पाणी पीत होता यावर अवलंबून असते, आणि ते प्रमाण कोट्यवधी वर्षे टिकते. त्या मोजणीने असे दिसले की पाकीसीटस आणि त्याचे सोबती गोडेच पाणी पीत होते. पाण्यात राहूनही त्यांना नदी सुटलेली नव्हती. पुढच्या पिढ्यांत मात्र हाडांनी समुद्राची साक्ष दिली. आजचा देवमासा भक्ष्यातून मिळणारे आणि अन्नाच्या पचनातून निर्माण होणारे पाणी वापरतो, आणि त्याचे मूत्रपिंड असंख्य लहान कप्प्यांचे मिळून बनलेले असते. हा दोर तुटल्याखेरीज कोणताही प्राणी महासागराचा होत नाही. चाचांच्या उंटाला हा दोर आजही आहे. दर तिसऱ्या दिवशी तो ताणला जातो आणि उंट किनाऱ्याकडे वळतो.

दुसरा दोर प्रसूतीचा. २००९ मध्ये पाकिस्तानातील मायासीटस या सुमारे साडेचार कोटी वर्षांहून जुन्या देवमाशाचे वर्णन झाले. त्याच्या मादीच्या सांगाड्यात एक गर्भ होता, आणि त्याचे डोके बाहेरच्या दिशेला होते. जमिनीवर जन्मणारी पिले डोक्याकडून बाहेर येतात, तर देवमाशांची पिले बहुधा शेपटीकडून. म्हणून संशोधकांनी असा अर्थ लावला की हा प्राणी समुद्रात शिकार करीत असला तरी विण्यास किनाऱ्यावर येत असे. समुद्रात जेवावे आणि जमिनीवर व्यावे, हा संसार किती काळ चालला असेल कोण जाणे. पण तो एका काठावर चालला, आणि काठावाचून चालला नसता.

शरीरातले इतर फेरबदल या दोन दोरांच्या तुटण्याबरोबर होत गेले. कंबरेचे हाड पाठीच्या कण्यापासून सुटले, मागचे पाय लहान होत गेले. इजिप्तच्या वाळवंटातील वादी अल्‌ हितान येथील बॅसिलोसॉरसला ते इवले पाय अजून होते. कानातील तोलाच्या नलिका तर फार लवकर आक्रसल्या. २००२ मध्ये कवट्यांच्या आतल्या भागांची क्ष-किरण चित्रे काढून असे दाखविण्यात आले की रेमिंग्टनोसीटसच्या त्या नलिका त्याच्या अंगाच्या मानाने कधीच बारीक झालेल्या होत्या. याचा अर्थ, पाय असतानाच तो जमिनीवरील चपळाईला मुकला होता. परतीचा मार्ग बंद होत असतो तो असा, बाहेरून काही न दिसता.

परतीचा मार्ग बंद होणे म्हणजे काय, हे आपण महाराष्ट्रात पाहिले आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिलू वाळूत रुतले. गावकरी, मच्छीमार, सरकारी कर्मचारी या सर्वांनी दीड-दोन दिवस खपून, त्याच्या अंगावर पाणी घालून, दोर आणि यंत्रे लावून त्याला समुद्रात नेऊन सोडले. तरी ते जगले नाही. पाण्याचा आधार सुटला की देवमाशाचे स्वतःचे वजनच त्याच्या फुप्फुसांवर चढते, आणि चरबीच्या जाड थरामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. ज्या किनाऱ्यावर त्याचे पूर्वज जन्म घेत होते, तो किनारा त्याला आता प्राणघातक आहे.

खराबा

महसूल दप्तराच्या भाषेत, ज्या जमिनीत पीक येत नाही ती खराबा. चेरियाची दलदल खराबा, हरुडीचा माळ खराबा. कागदावर एकदा हा शिक्का बसला की ती जमीन खाणीला, कारखान्याला, मिठागराला देण्यास कोणाचा हात आखडत नाही.

लखपत तालुक्यातील नारायण सरोवर अभयारण्याचेच पाहावे. चिंकारासाठी राखलेले हे क्षेत्र मूळचे ७६५ चौरस किलोमीटरांचे. खाली चुनखडक आणि लिग्नाइट आहे म्हणून १९९५ मध्ये ते ४४४ चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. खाणीमुळे जीवाश्म उघडे पडतात हे खरे, वासुकी तसाच मिळाला. परंतु खाणीचे यंत्र पाहणाऱ्यासाठी थांबत नाही, आणि एका मिळालेल्या हाडामागे किती चुरडली गेली याची मोजदाद होत नाही. माळावरची हाडे तर आणखी नाजूक. प्रत्येक पावसाळ्यात ओघळी थोड्या खचतात, नवे हाड वर येते, आणि कोणी वेळेवर उचलले नाही तर दुसऱ्या पावसात त्याची भुकटी होते.

चेरियाची कथा निराळी नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत खारफुटीला सर्वोच्च वर्गाचे संरक्षण आहे. तरीही भचाऊ तालुक्यात खाड्यांवर मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडविले गेले, आणि पाणी न पोहोचल्याने चेरिया उभ्या उभ्या वाळला. ही फिर्याद घेऊन कच्छच्या उंटपालकांची संघटना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेली, आणि २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने अडथळे काढून खाड्यांचा प्रवाह पूर्ववत करण्याचा हुकूम दिला. निरक्षर म्हणून ज्यांची गणना होते त्या मालधाऱ्यांनी समुद्राच्या पाण्याचा हक्क कायद्याने मागावा, ही मला या मुलखातील सर्वांत अभिमानास्पद घटना वाटते. चेरिया गेला तर खाराई उरणार नाही. आणि तलाव आटले वा त्यांच्या वाटा कुंपणांनी बंद झाल्या, तर चेरिया असूनही उंट जगणार नाही. त्याला दोन्ही काठ लागतात.

मुंबईत मशीद बंदरापासून मुलुंडपर्यंत कच्छी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, आणि १९५६ ते १९६० या काळात कच्छ व महाराष्ट्र एकाच मुंबई राज्यात होते. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा म्हणून आपण बाजूला सारू नये. भूवारसा स्थळांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात एका विधेयकाचा मसुदा जनतेपुढे ठेवला होता. त्याला कायद्याचे रूप यावे. हरुडी, गोधातड आणि बाबिया टेकडी यांची नावे पहिल्याच यादीत यावीत. गावातील मुलांना हाड ओळखावयास शिकवून त्यांच्यातूनच रखवालदार नेमावेत. आणि लखपतच्या खाड्यांतील चेरिया, बेटे आणि उंटांच्या पाण्याच्या वाटा यांची मालधाऱ्यांच्या सल्ल्याने मोजणी होऊन त्यांच्या पुढचा खराबा हा शेरा दप्तरातून काढून टाकला जावा. ज्या वाचकांना कच्छला जाण्याचा योग येईल, त्यांनी पांढऱ्या रणाबरोबरच हा काठही पाहावा, आणि माळावर एखादे हाड दिसले तर ते खिशात न घालता जागच्या जागी राहू द्यावे.